भाच्याचा गालिचा

"अगं, नीट धर की जरा. मधेच वाकवलास तर त्याला घडी पडेल, आणि तुझ्या सासूला कळलं तर आपल्या दोघींच्या माना मुरगळेल."

पुढे शेजारीण कलाम्पीर, मागे उलबोसीन आणि दोघींच्या खांद्यांवर गुंडाळलेला लाल गालिचा, अशी वरात कुंपणातून चालली होती. त्यासाठी कुंपणाच्या दोन फळ्या कालच काढून ठेवल्या होत्या. टीव्ही सकाळीच पलीकडे गेला होता. चहाचा पितळी बंब, समोवार, त्याच्या मागोमाग गेला. मेंढ्या तेवढ्या हलायला तयार नव्हत्या, त्यांना शेवटी कान धरून न्यावं लागलं. आता राहिला होता हा गालिचा. उलबोसीनच्या सासूने, म्हणजे बिबिसारा अपाने, नवी नवरी असताना तो स्वतःच्या हाताने विणलेला. गल्लीच्या टोकाला कुणाकडे तरी बाळ झालं होतं, ते बघायला म्हातारी गेली होती, आणि ती परतायच्या आत सगळं उरकायचं होतं.

"कमिशन कधी येणार म्हणालीस?"

"दुपारी."

"मग तो कोपरावर फाटलेला झगा घाल. आणि हसू नकोस. तुला आपली उठसूट हसायची खोड. हसणाऱ्या बाईला गरीब कोण म्हणेल?"

हे ऐकूनच उलबोसीनला हसू फुटलं आणि खांद्यावरचा गालिचा गदागदा हलला.

करातुझ गावात सरकारी मदत घेणाऱ्यांच्या घरी वर्षातून एकदा कमिशन यायचं. घर खरंच गरीब आहे का, ते डोळ्यांनी बघून जायचं. गेल्या वर्षी शेजारच्या गल्लीतल्या एका बाईची मदत नव्या सोफ्यापायी गेली. सोफा तिच्या भावाने दिला होता, पण सोफा काही आपल्या तोंडाने ते सांगत नाही.

उलबोसीनचा नवरा पाण्याचा टँकर चालवायचा. माळावरच्या बर्फात गाडी उलटून तो गेला, तेव्हा मुलगी शिनार दुसरीत होती. तेव्हापासून ही मदत घरात आली ती आलीच. चार दिवसांसाठी आलेला लांबचा नातेवाईक हळूच आपला कोट खुंटीला अडकवतो आणि मग हलतच नाही, तसं झालं. आता शिनार शहरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिची खोली आणि जेवण या मदतीवर चालायचं. एवढं एक वर्ष निघालं की पोरगी नर्स होणार होती. नाही निघालं, तर ती बाडबिस्तरा घेऊन परत येणार आणि आईशेजारी उभी राहून चादरी धुणार, हे उलबोसीनला स्वच्छ दिसत होतं. त्या विचाराने तिला रात्री धड झोप लागत नव्हती.

आणि ही बाई काही हातावर हात ठेवून बसलेली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गावाबाहेर माळावर तेलवाल्यांची वसाहत होती, तिथल्या लाँड्रीत ती कामाला होती. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. साहेबांच्या चादरी निळ्या पिशवीतून यायच्या, गाववाल्या मजुरांच्या करड्या पिशवीतून. मळ मात्र दोन्हीकडे एकाच रंगाचा. शेजारच्या मशीनवर दिलेक होती, तिला ठेकेदाराने समुद्रापलीकडून आणलेलं. मशीन तेच, साबण तोच, हाताला पडणारी भेग तीच. पगार मात्र दिलेकला तिप्पट, कारण ती कागदोपत्री 'बाहेरची तज्ज्ञ'. चादर धुण्यात तज्ज्ञ म्हणजे काय, हे दिलेकलाही कधी उमगलं नाही. बिचारी ओशाळायची, आणि घरून मिठाईचा डबा आला की त्यातली अर्धी मिठाई उलबोसीनच्या हाती कोंबायची. उलबोसीन ती खायची आणि हसायची. मिठाईवर राग काढून काय उपयोग?

गालिचा पलीकडे पोचला, फळ्या पुन्हा बसवल्या, आणि नेमकी अपा दारात उभी. वाकलेली, पांढरा फडका डोक्याला गच्च बांधलेला, हातात काठी. तिने उघडी जमीन बघितली, उघडी भिंत बघितली.

"चोर आले होते का गं?"

"नाही अपा. कमिशन येतंय."

"कोण येतंय?"

"ते मदतवाले. घर बघायला."

"म्हणजे पाहुणे येतायत," अपा म्हणाली. "आणि तू घर झाडून रिकामं केलंस?"

"अपा, ते पाहुणे नाहीत हो. ते बघायला येतात आपल्याकडे काय काय आहे ते. जे दिसेल ते लिहून घेतात. काही दिसलं नाही तरच मदत राहते."

"उंबऱ्याच्या आत पाय टाकतो तो पाहुणा. तो कशाला आला, ते त्याचं त्याच्यापाशी. चहाचं काय केलंयस?"

"काहीच नाही. करायचाच नाहीये."

म्हातारीने सुनेकडे असं बघितलं की उलबोसीन सासरी आल्या दिवसासारखी दोन पावलं मागे सरली. मग अपा काठी टेकत टेकत मागच्या दाराकडे वळली.

"कुठे निघालात?"

"म्हातारं माणूस. जरा वारा खाऊन येते."

इथेच उलबोसीनला शंका यायला हवी होती. करातुझमध्ये वारा खायला बाहेर जावं लागत नाही, तो घरात येऊन आपल्याला खातो. पण उरलंसुरलं लपवण्यात आणि फाटका झगा शोधण्यात दुपार झाली, फाटकाशी गाडी थांबली आणि तिची तारांबळ उडाली.

गाडीतून दोघंजण उतरले. एक नुरताय, जन्मभर गुराढोरांचा डॉक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला, जाडजूड, मिशाळ माणूस. गावाने त्याला कमिशनचा प्रमुख केलं होतं. दुसरी मेरुएर्त, कचेरीत नुकतीच लागलेली पोरगी, हातात फोटो काढायचं यंत्र आणि कपाळाला सतत आठी. नुरताय अंगणात थांबला आणि खाली बघू लागला.

"मेंढ्या किती?"

"नाहीत," उलबोसीन म्हणाली.

"मग ह्या लेंड्या कुणाच्या?"

 तेवढ्यात कुंपणापलीकडून एक मेंढी ओरडली. तिला घरची आठवण आली असावी. पाठोपाठ दुसरीही ओरडली. नुरतायने मिशीवरून हात फिरवला आणि पुढे झाला.

पहिली खोली त्यांनी बघितली. उघडी जमीन, एक चटई, एक खाट. मेरुएर्तने खाटेखाली वाकून बघितलं, चटई उचलून बघितली. सगळं कसं छान रिकामं होतं. उलबोसीनच्या जिवात जीव आला. तिने आठवणीने तोंड पाडलं आणि फाटकं कोपर पुढे केलं.

"आणि ती आतली खोली?" मेरुएर्तने विचारलं.

"ती बंदच असते. काही नाही त्यात."

"बघायला लागेल, ताई."

"बघा की, खुशाल बघा," असं म्हणून उलबोसीनने स्वतःच्या हाताने दार उघडलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आत, मागच्या दाराने परत आलेला लाल गालिचा अंथरलेला होता. त्यावर जेवणाचं पांढरं कापड, दस्तरखान. त्यावर बाउरसाकांच्या, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, पिवळ्याधमक राशी, लोण्याची वाटी, मनुका, खडीसाखर, रंगीत कागदातल्या गोळ्या, आणि मधोमध ताटात वाफाळणारं घोड्याचं मांस, तेही बरगडीचं. समोरच्या घरातला वेल्डर तेलवाल्यांच्या कंपनीत होता, त्याच्याकडून आणलं असणार, दुसऱ्या कुणाला परवडतंय? कोपऱ्यात समोवार गात होता. त्याच्यामागे कलाम्पीर अंग चोरून बसली होती, आणि माझ्याकडे बघू नकोस, मी काय करणार, असं डोळ्यांनी सांगत होती. सगळ्याच्या पलीकडे, मखमली कोट घालून, अपा बसली होती.

"या," ती म्हणाली. "वर बसा. दारात काय उभे राहिलात?"

उलबोसीनचं हसू कुठल्या कुठे पळालं. शिनार आता परत येणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"आजी, आम्ही कामावर आहोत," मेरुएर्त म्हणाली. "आम्हाला काही घेता येत नाही."

"घेऊ नकोस. फक्त नान तोड. नान न तोडता गेलीस तर माझ्या घराला काय म्हणायचं?"

हे मात्र मेरुएर्तलाही मोडता येईना. दोघांनी नानचा तुकडा तोडला, आणि तो तोंडात घालायला उभ्याने कसं जमणार, म्हणून बसले, आणि बसलेल्या माणसाला चहा नको कसा म्हणायचा? अपाने सुनेला खूण केली. उलबोसीन समोवारापाशी बसली. डोक्यात अजून शिनारच होती. पाहुण्याला चहा द्यायचा तो अर्धा पेलाच, म्हणजे तो संपतो, पुन्हा भरता येतो, पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ एकच, प्या आणि चालते व्हा. हे तिथल्या तान्ह्या पोरालाही कळतं. आणि उलबोसीनने नुरतायसमोर पेला ठेवला तो काठोकाठ भरलेला.

अपाचा चेहरा पांढरा पडला. नुरताय पेल्याकडे बघत राहिला आणि मग पोट धरून हसायला लागला.

"सूनबाई, आत्ताच तर टेकलो. इतक्यात घालवून देताय?"

"चुकलं हो, काका," उलबोसीन पुटपुटली. कानापर्यंत लाल झाली होती. तिने पेला परत घेतला.

मेरुएर्तने दोन बाउरसाक खाल्ले, आणि त्याची भरपाई म्हणून आवाज कडक केला. "मदत किती वर्षं घेताय?"

"मुलगी दुसरीत होती तेव्हापासून."

"आणि कामही करता. मग एवढ्या वर्षांत कधी मदतीतून बाहेर पडावंसं वाटलं नाही?"

"वाटतं की, पोरी. पण पगार असा मिळतो की मदतीच्या रेषेखालीच ठेवतो, वर येऊ देत नाही. माझ्या शेजारी तेच काम करणारीला तिप्पट मिळतात. मला तेवढे मिळाले असते, तर तुम्ही आज इथे नसता."

अपा मन लावून ऐकत होती. तिने पेला खाली ठेवला. "थांब जरा, मला नीट समजू दे. ही काम करते ते कंपनीचं?"

"हो."

"कंपनी हिला पोटापुरतं देत नाही. उरलेलं सरकार भरतं."

"तसंच काहीसं, आजी."

"म्हणजे इतकी वर्षं मदत कंपनी खातेय आणि नाव माझ्या सुनेचं होतंय. मग माझ्या मेंढ्या कशाला मोजताय? जाऊन त्यांच्या मोजा."

कलाम्पीर समोवारामागे खिदळली. मेरुएर्तच्या कपाळावरची आठी गेली. हे कुठे लिहायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. नुरताय मांस चघळत होता.

"तू कुणाचा रे?" अपाने त्याच्याकडे मोर्चा वळवला. "तुझी आई कुठली?"

"आई खारतळ्याकडची. इझबासारची मुलगी."

"कुठला इझबासार? तो लंगडा, उंटवाला?"

"तोच."

म्हातारीने मांडीवर थाप मारली. "अरे, तो माझ्या नवऱ्याचा चुलता. म्हणजे तुझी आई आमच्या घराण्याची लेक. तू आमचा भाचा, आणि मला सांगतोस कमिशन आलंय?"

बरं, भाचा म्हणजे त्या मुलखात साधीसुधी गोष्ट नाही. भाच्याने आजोळी येऊन तीनदा मागावं आणि आजोळाने तीनदा द्यावं, नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर घराची बरकत जाते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं उलबोसीनच्या मनात आलं. मदत तर गेलीच, आता वर आहेरही द्यायचा.

"माग," अपा म्हणाली. "पहिल्यांदा आलायस. रिकाम्या हाताने जाऊ देणार नाही."

"काका, नियमात..." मेरुएर्त म्हणाली.

"तू गप्प बस, पोरी," नुरताय म्हणाला. त्याने मिशी पुसली, खोलीवरून एकदा सावकाश नजर फिरवली. आजारी गाय बघावी तशी. "काहीही मागू?"

"काहीही."

"हा गालिचा."

अपाचा हात आपसूक गालिच्यावर गेला. बोटं लोकरीत रुतली. पण आवाज हलला नाही. "घे."

"समोवार."

"घे."

"आणि ह्या दस्तरखानावरचं सगळं. ताटवाट्यांसकट."

"अपा, ताटं माझी आहेत," कलाम्पीर कळवळून म्हणाली.

"गप्प गं. घे रे बाळा. तुझंच आहे."

उलबोसीनला वाटलं, आता रडू येणार. तेवढ्यात नुरताय मेरुएर्तकडे वळला. "ऐकलंस ना? आता ह्या खोलीत जे दिसतंय ते सगळं माझं. कमिशनला माझ्या वस्तू मोजायचा अधिकार नाही. पहिल्या खोलीत काय होतं? चटई आणि खाट. तेवढं लिही आणि तिथलाच फोटो काढ."

"पण काका, असं कसं? कायद्याने..."

"कायदा तुझा नवा आहे. हा जुना आहे. जुन्याला मान द्यायचा असतो."

"आणि मेंढ्या?"

"मेंढ्या शेजारणीच्या. तिकडूनच ओरडल्या, तू ऐकलंसच की."

मेरुएर्तने उलबोसीनकडे बघितलं, फाटक्या कोपराकडे बघितलं, आणि मग एकदम तिलाच हसू फुटलं. ती उठून पहिल्या खोलीत गेली. चटईचा फोटो काढल्याचा आवाज आला.

"गालिचा सध्या इथेच राहू दे," निघताना नुरताय म्हणाला. "माझ्याकडे जागा नाही. झाली की सांगेन." अपाने दोघांच्या हातांत बाउरसाक आणि मांस भरलेल्या पिशव्या दिल्या. दस्तरखानावरून उठलेल्या माणसाने घरी काही न नेणं हा अपमान. मेरुएर्त पुन्हा नियम सांगायला लागली, तेव्हा अपा म्हणाली, "नियम तुझ्या साहेबाला सांग. तुझी हाडं दिसतायत." तर असं ते कमिशन, गरिबी तपासायला आलेलं, दोन्ही हातांत शिदोरी घेऊन गाडीत बसलं. मदत चालू राहिली. आठवडाभर गल्लीला हसायला तेवढं पुरलं.

वर्ष गेलं. शिनार नर्स झाली आणि माळावरच्या वसाहतीतल्याच दवाखान्यात लागली. पहिल्या पगाराच्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "आई, तिकडे बाहेरून आलेली नर्स आहे, तिला माझ्या दुप्पट. सुई तीच, बूड तेच."

"बुडं तरी वेगवेगळ्या पिशव्यांतून येत नाहीत ना?" उलबोसीन म्हणाली, आणि मायलेकी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर शिनार म्हणाली की दवाखान्यातल्या गावच्या पोरी मिळून सारखा पगार मागायला साहेबाकडे जाणार आहेत, आणि लाँड्रीतल्या बायकांनीही यावं. उलबोसीन म्हणाली, येते. दिलेक सोबत येते म्हणाली तेव्हा उलबोसीनला खरंच भरून आलं. साहेबाने बघू म्हणून सांगितलं. अजून बघतोच आहे.

पण दोन अपुरे पगार मिळून रेषेच्या केसभर वर गेले. उलबोसीन कचेरीत जाऊन स्वतःच सांगून आली की आता मदत नको. मेरुएर्त आ वासून बघत राहिली. तिच्याकडे मदत सुरू करायला लोक यायचे, बंद करायला कुणी आलं नव्हतं.

घरी येऊन तिने हे सांगितलं, तशी अपा म्हणाली, "झालं तर. आता गालिचा पोचवून ये."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? भाच्याकडे. वर्ष झालं, त्याची वस्तू आपण वापरतोय."

"अपा, ते त्याने आपल्यासाठी नाटक केलं होतं हो. त्याला कुठे गालिचा हवाय?"

"त्याने केलं असेल नाटक. मी नाही केलं. मी घे म्हटलं ते खरं म्हटलं." म्हातारी जमिनीकडे बघत बोलत होती, हात लोकरीवरून फिरत होता. "माझं देणं खोटं असेल, तर तुझं मदत घेणंही खोटंच होतं मग. चोरीच ती."

उलबोसीनला तो गालिचा सोडवत नव्हता. लग्न होऊन आली त्या दिवशी ती याच गालिच्यावर बसली होती, शिनार याच्यावर रांगली, नवऱ्याला शेवटचं याच्यावरच ठेवलं होतं. पण सासूला तो तिच्याहून जास्त सोडवत नव्हता, हेही तिला दिसत होतं. तिने कलाम्पीरला हाक मारली. कलाम्पीर पुढे, उलबोसीन मागे, अशा त्या निघाल्या. या वेळी फळ्या काढल्या नाहीत. फाटकातून, रस्त्याने, सगळ्यांच्या देखत निघाल्या. झग्याचं कोपर शिवलेलं होतं.

नुरतायने दार उघडलं आणि गालिचा बघून दोन्ही हात वर केले. "अहो, हे काय? मी आपलं त्या वेळी तोंडाला येईल ते बोललो. परत न्या."

"अपाने सांगितलंय," उलबोसीन म्हणाली, "की तिने घे म्हटलं ते खरं म्हटलं होतं."

 म्हाताऱ्याच्या मिशीखालचं हसू गेलं. मग तो बाजूला झाला, गालिच्याचं एक टोक त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि आत नेला. त्याने तो खोलीत सर्वांत वर, मानाच्या जागी अंथरला आणि उलबोसीनला त्याच्यावर बसवलं. ती बसली. बोटांना ओळखीची गाठ लागली, काठाजवळची, अपाची नवी नवरी असताना चुकलेली.

"समोवार आणि ताटं पुढच्या खेपेला," ती म्हणाली. कलाम्पीरने तिला कोपराने ढोसलं.

नुरतायची बायको चहा घेऊन आली. तिने पेला दोन्ही हातांनी उलबोसीनसमोर धरला. अर्धाच भरलेला.